दार बाबांनी उघडलं

माझ्या बाबांच्या पोटात काही राहत नाही, हे अकोल्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कोणाची बदली झाली, कोणी कोणाशी अबोला धरला, हे बाबांच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत चौकातल्या चहाच्या टपरीवर पोचलेलं असायचं. त्यात वाईट हेतू नसायचा. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करायची तर त्यांना तिकिटाचं निमित्त पुरायचं. निवृत्त झाल्यावर तिकीट गेलं, बोलणं तसंच राहिलं.

मी अमरावतीला एका मराठी दैनिकात बातमीदार. आमच्या कामात बोलण्याइतकंच गप्प राहणंही महत्त्वाचं असतं, म्हणून कामाबद्दल घरी अक्षर काढायचं नाही असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. आई कधी विचारायची नाही. बाबा विचारायचे आणि मी विषय बदलायचे. बरीच वर्षं हे नीट चाललं.

आमच्या भागात एक आमदार होता. त्याला सगळे भाऊ म्हणायचे, मीही भाऊच म्हणते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तिथे कुठेही बोअर मारा, पाणी खारट. तेच पीत कित्येक पिढ्या गेल्या. त्या गावांना गोडं पाणी आणून देतो असं सांगून भाऊ निवडून आला होता, आणि आता पुढची निवडणूक तोंडावर होती. घरोघरी नळ बसले होते, टाक्या बांधून, रंगवून झाल्या होत्या. पण धरणावरून येणारी मुख्य पाइपलाइन अर्ध्यातच थांबली होती. तरी उद्घाटनाचे बॅनर लागले, मंत्री येणार असं ठरलं. टाकीत पाणी येणार कुठून, हे मला काही कळेना.

ते मला भाऊच्या पुतण्याने सांगितलं. त्याला मी इथे पुतण्या म्हणते आहे. भाऊ आता हयात नाही, आणि त्या माणसाने स्वतः निरोप पाठवला की आता लिहिलं तरी चालेल, म्हणून हे लिहिते. तरीही काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. नातंही कदाचित बदललं असेल. सवय जात नाही.

तो भाऊचं ऑफिस सांभाळायचा. एका कार्यक्रमात गर्दीत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, तुमचं घर अकोल्याले हाय न? मी दर आठवड्याले येतो तिथी. आईचं डायलिसिस असते." मी कुठली गल्ली ते सांगितलं. माझी सुटी कोणत्या वारी असते तेही सांगितलं. तो पुढे निघून गेला. फोन नंबर त्याने मागितला नाही, आणि त्यावरूनच मला कळलं की गोष्ट साधी नाही.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता. आई दुपारी विहारात ग्रंथवाचनाला जायची, बाबा टपरीवर. घर रिकामं मिळेल, असा माझा हिशेब. पण त्या दिवशी टपरीवाला गावाला गेलेला निघाला. बाबा अर्ध्या वाटेतून परत आले आणि पेपर घेऊन बसले. त्यांना काय सांगून बाहेर पाठवावं याचा विचार करत मी स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात बेल वाजली.

दार बाबांनी उघडलं.

"तुमी भाऊचे पुतणे न?" बाबांचा खणखणीत आवाज. "वाढदिवसाच्या बॅनरवर असते न तुमचा फोटू. या, या. उनात उभे नका राहू."

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. तो उंबऱ्यावर थिजला होता. तो आता पाठ फिरवून जाईल असं मला वाटलं. पण बाबांनी त्याला दंडाला धरून आत घेतलं होतं, खुर्ची पुढे ओढली होती आणि त्याच्या गावाला कोणती गाडी जायची, फाट्यावर कोण कोण चढायचं हे सांगायलाही सुरुवात केली होती.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जरा आत बसता का?"

"राहू द्या," पुतण्या म्हणाला. "बसू द्या त्यायले."

त्याने तसं का म्हटलं, हे मी नंतर खूपदा मनात घोळवलं. घरचं कोणी मोठं माणूस समोर असावं असं त्याला वाटलं असेल.

तो सांगू लागला. चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात बैठक झाली होती. खोलीत चौघं होते: भाऊ, ठेकेदार, इंजिनिअर आणि हा. पाइपलाइन वेळेत होणार नाही, हे इंजिनिअरने सांगितलं. त्यावर ठरलं असं, की उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जिथे उद्घाटन त्या गावाची टाकी टँकरने गोड्या पाण्याने भरायची, मंत्र्यांनी नळाखाली पेला धरायचा, फोटो काढायचे, आणि ते पाणी संपलं की टाकीला गावातल्याच जुन्या बोअरचं पाणी जोडून द्यायचं. इंजिनिअर म्हणाला, लोक ओरडतील. तेव्हा भाऊ म्हणाला, "लोकायले पानी नाही पायजे, नळ पायजे. नळ दिसला का मत पडते."

"हे वाक्य छापा," पुतण्या मला म्हणाला.

"हे छापलं तर कोणी सांगितलं ते शोधतील. खोलीत चौघंच होते ना?"

"छापा. माही आई त्याच गावची सून हाय. आज मशीनवर हाय. पान्यानंच झालं असं डॉक्टर नाही म्हनत. नसन बी. पन काकानं ते म्हटलं न, तवा सारे हासले." मग तो म्हणाला, "मी बी हासलो."

बाबा एक शब्दही बोलले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर मी दार लावलं आणि वळले.

"बाबा, हे कोणालाही—"

"समजलं मले."

"आईलाही नाही."

"समजलं म्हटलं न पोरी. मी काय लहान पोट्टा हाओ का?"

संध्याकाळच्या गाडीने मी अमरावतीला निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर टपरीच होती. बाबा बाकावर बसलेत, हातात कप आहे, आणि कोणीतरी सहज पाण्याचा विषय काढतं आहे.

उद्घाटन झालं. मंत्र्यांनी पेला धरला, फोटो आले. काही दिवसांनी मी त्या गावात गेले. एका बाईने नळाचं पाणी मला तांब्यात दिलं. मी घोट घेतला आणि तो गिळावा की थुंकावा ते कळेना, कारण ती समोर उभी होती. ती म्हणाली, "पयल्या दिवशी चांगलं होतं जी." गावात आणखी माणसांशी बोलले. टँकर आलेला पाहणारे भेटले, आपल्या नावानिशी सांगायला तयार होते. बातमी तिथेच उभी राहिली. भाऊचं वाक्य मी अगदी वर घेतलं. संपादकांनी ते दोनदा वाचलं.

"पक्कं?"

"पक्कं."

"नाव मला सांगू नकोस. मला बीपी आहे," असं म्हणून त्यांनी बातमी सोडली.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. टीव्हीवाले त्या गावात पोचले. मंत्री चिडल्याचं कानावर आलं. विरोधकांच्या सभांत भाऊचं ते वाक्य घोषणेसारखं फिरू लागलं. भाऊने वकिलाकडून नोटीस पाठवली, आणि मला पोलिसांकडून चौकशीला बोलावणं आलं. तिथला साहेब फार सभ्य होता. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याविरुद्ध काही नाही. फक्त नाव सांगा, तुम्ही मोकळ्या." मी म्हटलं, नाव देणार नाही. तो हसला आणि पुन्हा तेच विचारलं, मग पुन्हा. बाहेर आले तेव्हा माझ्या कुडत्याची पाठ घामाने चिकटली होती.

तरी त्याचं मला फारसं भय नव्हतं. मी नाव सांगणार नाही हे मला माहीत होतं. माझं भय अकोल्यात होतं. रोज आईला फोन करायचे आणि आडून आडून विचारायचे: बाबा काय करतात, टपरीवर गेले होते का, घरी कोणी आलं होतं का.

एक दिवस आई म्हणाली, "आले होते न. भाऊचा कार्यकर्ता आला होता, पेढे घेऊन. आल्या आल्या 'जयभीम काका' म्हणे. याआधी कधी म्हटलं नसन त्यानं."

"बाबा काय बोलले?"

"काहीच नाही. पेढाही नाही घेतला. साखर हाय म्हणे मले. कवा झाली यायले साखर?"

मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात थोडा वेळ उभी राहिले.

इकडे बातमी कोणी फोडली याचा भाऊने शोध घेतला होता. ठेकेदार आणि इंजिनिअर स्वतःच त्या प्रकारात अडकलेले, ते बोलणार नाहीत. पुतण्या रक्ताचा. मग उरलं कोण, तर जेवणाची ताटं घेऊन खोलीत आलेला भाऊचा ड्रायव्हर. आणि तो ड्रायव्हर कोण, हे भाऊला कळलं तेव्हा त्याला दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नाही.

तो मामांचा मुलगा होता. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, एसटीतले ड्रायव्हर. बाबा आणि मामा कित्येक वर्षं अकोला–परतवाडा गाडीवर जोडीने होते. अकोट, अंजनगाव, अचलपूर, रोजचा रस्ता. मुक्कामी गाडी असली की एका डब्यात जेवायचे. माझ्या शिक्षणाच्या वेळी मामा मदतीला होते, मामांच्या मुलाच्या लग्नात बाबा पुढे होते. म्हणजे भाऊच्या दृष्टीने सगळं सरळ होतं. ड्रायव्हरचा बाप आणि पत्रकार पोरीचा बाप जिवाभावाचे दोस्त. बातमी आमच्या घरात आणली ती ड्रायव्हरनेच.

त्याला कामावरून काढलं. तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडीतलं डिझेल चोरून विकत होता, अशी पोलिसांत तक्रार दिली. त्याला रोज ठाण्यात बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवायचे. त्याच्या बायकोला लोक विचारायचे, खरंच का हो.

माझ्या सुटीच्या दिवशी मामा घरी आले. मी तिथेच होते. आई विहारात होती. मामा नेहमी दारातूनच हाक मारत यायचे, त्या दिवशी तसेच आत आले आणि टोपी मांडीवर ठेवून बसले.

"तुले नाही इचारत पोरी," ते मला म्हणाले. "तुह्या कामाचं हाय ते. मी याले इचारतो." मग बाबांकडे वळले. "माह्या पोरानं सांगतलं का रे? सांगतलं असन तं तसं सांग. मी भाऊच्या पाया पडतो, मोकळा होतो. नसन सांगतलं तं मी उद्या ठाण्यात जाऊन उभा राहतो. पन मले माहीत तं पायजे."

मी जमिनीकडे बघत होते. बाबांनी एवढंच म्हणायचं होतं, नाही रे, तुह्या पोरानं नाही. पण मामा ते ठाण्यात सांगणार, भाऊला सांगणार, आणि ते खरं धरलं की त्या खोलीतला एकच माणूस उरत होता. हे मला कळत होतं. बाबांनाही कळतं का, ते मला माहीत नव्हतं.

"मले काय माहीत," बाबा म्हणाले. "पोरगी घरी काही बोलत नाही."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणून उठले. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले.

मामा गेल्यावर बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि नळाखाली हातपाय धुत राहिले. मी दारात उभी राहिले. काही बोलावंसं वाटत होतं, पण जे सुचत होतं ते सगळं मला स्वतःलाच खोटं वाटत होतं.

"त्याले भेटलं पायजे," बाबा पाठमोरेच म्हणाले.

"कोणाला?"

त्यांनी नळ बंद केला.

मला पुतण्याला गाठायचा रस्ता नव्हता. फोन करायचा नाही, हे आमचं ठरलेलं. अमरावतीत तो भाऊच्या मागे उभा दिसायचा, मी पत्रकारांच्या रांगेत असायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. ड्रायव्हरचं काय चाललं आहे हे त्याला माहीत नसणं शक्यच नव्हतं. मग तो गप्प कसा राहतो, असा राग यायचा. राग आला की वाटायचं, बोलून तरी तो काय करणार. आणि त्याने काही केलं तर वाचणार कसा.

मग आईचा फोन आला. आवाज वेगळा होता. "तुह्या बाबायले काय झालं ते पाय न. बोलतच नाहीत. टपरीवर जाणं सोडलं. मी इचारलं तं हो-नाही. काल डॉक्टरकडे नेलं, तो म्हणे सारं बरं हाय. कान पाह्यले त्यानं. मी म्हटलं, डॉक्टर, कान नाही हो, तोंड पाहा."

सुटीचा दिवस येताच मी बडनेऱ्याहून गाडी धरली. घरी पोचले तर आई एकटीच. बाबा कुठे?

"दवाखान्यात कोणाले तरी भेटायले गेले. सकाळीच नवं शर्ट घातलं."

कोणता दवाखाना, हे मला विचारावं लागलं नाही; पुतण्याने तो घरी आला तेव्हा बाबांसमोरच सांगितला होता. वारही तोच होता, त्याच्या आईच्या डायलिसिसचा. ऑटोत बसले. रस्त्यात प्रत्येक सिग्नलला वाटत होतं की आता उशीर झाला.

डायलिसिसचा विभाग पहिल्या मजल्यावर होता. जिना चढून वर आले आणि वळणावरच थांबले. पॅसेजमध्ये बाकावर बाबा बसले होते आणि त्यांच्या शेजारी पुतण्या. बाबा हळू आवाजात काहीतरी सांगत होते. पुतण्याने खाली मान घातली होती. मी दोन पायऱ्या खाली आले. तिघं एकत्र दिसणं म्हणजे सगळंच संपलं. पण सोडूनही जाता येईना.

तेवढ्यात खालून आवाज आले. बूट, फोनवर बोलणारी माणसं, "सरका, सरका." खाली वाकून पाहिलं तर भाऊ. वहिनीला, म्हणजे पुतण्याच्या आईला, बघायला आला होता. मागे चार-पाच कार्यकर्ते, एकाच्या हातात फळांची टोपली, एकाच्या हातात फोटो काढायला फोन धरलेला. मी जिन्याच्या बाजूला सामानाची खोली होती तिच्या दारामागे सरकले. ते माझ्यासमोरून वर गेले. अत्तराचा वास आला.

बाबांना सावध करायला मी काही करू शकत नव्हते. मला फक्त ऐकू येत होतं.

आधी तो पेढेवाला कार्यकर्ता बोलला. "भाऊ, हे त्या पत्रकारणीचे वडील."

मग भाऊचा आवाज, अगदी मऊ. "असं का. काका, इथी कसे? अन् याच्यासंगं काय बोलून राह्यले?"

मी डोळे मिटले.

आणि मग बाबा बोलायला लागले. कित्येक दिवसांत न बोललेले बाबा.

"बरं झालं भाऊ तुमीच आले. मी यायलेच हात जोडून राह्यलो होतो. तुमच्या ड्रायव्हरचा बाप माहा जोडीदार. परतवाड्याच्या गाडीवर होतो आमी. तुमचे वडील बसत आमच्या गाडीत, देवमाणूस, पुढच्या सीटवर बसत, उलट्या होत त्यायले. मी लिंबू देत जाओ. आता त्या पोराले कामावरून काढलं, ठाण्यात बसवून राह्यले. तुमचा गैरसमज झाला असन. मी कोणाजवळ जाओ? तुमच्या ऑफिसात मले कोण सोडते? मले समजलं का तुमचे पुतणे इथी असतात, तं म्हटलं यायच्याच कानावर घालावं, मोठ्या घरचं पोरगं हाय, काकाजवळ शब्द टाकन…"

ते थांबेचनात. मामांची नोकरी सांगितली, मामांच्या सुनेचं दुखणं सांगितलं, भाऊच्या वडिलांची गाडीत विसरलेली पिशवी आपण एकदा परत केली होती तेही सांगितलं. आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. ते खरोखरच त्याच कामाला आले होते. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. भाऊ मध्ये एक-दोनदा "हो, हो, बरोबर" म्हणाला. कोणीतरी हसू दाबलं.

मग पुतण्याचा आवाज आला, भाऊला उद्देशून.

"काका, मी बी तेच सांगनार होतो तुमाले. तो त्या दिवशी खोलीत आलाच नाही. ताटं दारातून मी घेतली. तो गाडीतच होता."

आतल्या मशीनचा बारीक आवाज तेवढा येत होता. मला दिसत नव्हतं की भाऊ कोणाकडे बघतो आहे. ताटं खरंच कोणी नेली होती, हे मला आजही माहीत नाही. पण ते वाक्य बोलून पुतण्याने आपल्यापुढचा आडोसा स्वतः बाजूला केला होता, हे तिथल्या कोणाच्याही लक्षात येण्यासारखं होतं. निदान भाऊच्या तरी.

"तू आधी नाही सांगतलं," भाऊ म्हणाला.

"तुमी इचारलं नाही."

मग भाऊ म्हणाला, "चाल, वहिनीले पाहू," आणि दाराचा आवाज झाला. बाबा जिना उतरत आले. मला दारामागे पाहून थांबले नाहीत, फक्त हाताने खाली चल अशी खूण केली. रस्त्यावर आल्यावर रसवंतीच्या बाकावर बसले. मी रस मागवला, त्यांनी तो प्यायला नाही.

"बाबा, तुम्ही मला न विचारता कसे गेलात?"

"तुले इचारलं असतं तं तू जाऊ देलं असतं का?"

पुढचे काही आठवडे मी रोज सकाळी उठून पहिली गोष्ट म्हणजे पुतण्या दिसतो का ते बघायचे. कार्यक्रमाच्या फोटोत, सभेत, भाऊच्या मागे. दिसला की हायसं वाटायचं. एकदा सलग काही दिवस दिसला नाही, तेव्हा मला जेवण जाईना. नंतर कळलं, आईची तब्येत बिघडली म्हणून गावी होता.

डिझेलची तक्रार मागे घेतली गेली. कामावर मात्र ड्रायव्हरला परत घेतलं नाही, आणि तोही गेला नाही. भाऊ निवडून आला, पहिल्यापेक्षा कमी मतांनी. पुतण्याला त्याने उघड काही केलं नाही. हळूहळू ऑफिसची कामं दुसऱ्याकडे गेली, बॅनरवरून फोटो गेला. त्याची आई त्याच हिवाळ्यात वारली. मला जाता आलं नाही, जाणं योग्यही नव्हतं. बाबा गेले, मागे बसून आले. पुतण्याने पुढे अचलपूरला बी-बियाण्यांचं दुकान टाकलं. पाइपलाइन पूर्ण झाली, काही गावांना पाणी येतं, एक दिवसाआड. काही गावांना अजून नाही.

मामांच्या मुलाने जुनी गाडी घेतली आणि प्रवासी न्यायला लागला, जास्त करून चिखलदऱ्याला. एका रविवारी त्याने आम्हा सगळ्यांना नेलं. वर पोचल्यावर आई-बाबा आणि तो पॉइंट बघायला गेले. मामांचे गुडघे दुखत होते म्हणून ते पुढच्या सीटवरच बसून राहिले, मी मागे. धुकं खाली उतरत होतं. मामा वरच्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुह्या बापाले मी नोकरीभर याच्यातून पाह्यलं. थो खोटं बोलला का मले समजते."

मी पुढे सरकून बसले.

"त्या दिवशी मले म्हणे, मले माहीत नाही. तवाच समजलं का त्याले सारं माहीत हाय. अन् माह्या पोरानं सांगतलं नाही, हे बी समजलं. माह्या पोरानं सांगतलं असतं, तं त्यानं मले कसं बी करून सांगतलं असतं. त्याच्यानं राहवलंच नसतं."

"मग तुम्ही पुन्हा कधी विचारलं का नाही, मामा?"

"इचारून काय करू? आनखी एक डाव खोटं बोलायले लावू त्याले?"

मी खिडकीची काच खाली केली. थंड हवा आत आली. पॉइंटकडून ते तिघं परत येताना दिसले. आईने पदर डोक्यावरून घेतला होता, बाबांच्या हातात भाजलेली कणसं होती, आणि ती कोणाला किती द्यायची यावरून त्यांचं काहीतरी चाललं होतं. मामांनी हात लांब करून त्यांच्यासाठी आतून दार उघडलं.